पस्तीसपट लहान रणांगण

जयपूर शहराला लहान गोष्टींचं वावडं आहे. सूर्याची सावली मोजायला सवाई जयसिंगांनी जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र बांधलं, ते २७ मीटर उंच. सवाई माधोसिंग दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला निघाले, तेव्हा परमुलखातलं पाणी नको म्हणून गंगाजलाने भरलेले चांदीचे कलश बरोबर नेले; त्यांतला एकेक नुसता रिकामाच ३४५ किलोचा. जयगडावरची जयबाण तोफ १७२० साली ओतली. नळी वीस फूट, वजन पन्नास टनांच्या घरात. लढाईत ती एकदाही उडाली नाही. चाचणीचा म्हणून एकच बार काढला, तो गोळा पस्तीस किलोमीटरवर चाकसूजवळ पडला आणि तिथे तळं झालं, असं गाईड सांगतात. तोफेपेक्षा गाईडचा पल्ला मोठा असतो, हे कुठल्याही किल्ल्यावर खरं आहे.

हीच तोफ १/३५ मापात केली तर नळी साडेसतरा सेंटिमीटरची होते. टीव्हीच्या कपाटात सहज मावते. लष्करी मॉडेलं करणारे जगभरचे लोक ज्या मापापुढे मान तुकवतात, ते हे माप. यात रणगाडा वीतभर होतो आणि पावणेसहा फुटी जवान पाच सेंटिमीटरचा. असे रणगाडे, जवान, वाळू, काटेरी तार, मोडकी जीप एका पाटावर मांडायची, वर काचेची पेटी बसवायची, की झाला डायोरामा. तो स्वतःसाठी केला तर छंद. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या आठवणीप्रमाणे आणि दुसऱ्याच्या घाईने केला, की त्याला ऑर्डर म्हणतात.

आता असा एक ऑर्डरी घेणारा कारागीर जयपूरच्या आदर्श नगरात राहतो, असं गृहीत धरू. माणूस मराठी, नोकरीपायी तिकडे गेलेला, आणि लहानपणी पुण्यात दिवाळीचे किल्ले करून हात तयार झालेला. मराठी डोक्याची आणि राजस्थानी मापांची गाठ काही आजची नाही म्हणा. जयसिंगांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली. जयसिंगांचा सिद्धांत असा होता, की पितळेची लहान यंत्रं झिजतात, हलतात, चुकतात. तेव्हा यंत्र दगडाचं आणि अवाढव्य करा, म्हणजे अचूक होईल. आपल्या कारागिराचा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. वस्तू जितकी लहान करावी तितक्या तिच्यातल्या चुका काढायला माणसं जास्त जवळ येतात.

धंद्याला जागा मात्र झकास आहे. आदर्श नगर ही फाळणीनंतर वसलेली वस्ती. मुलतान आणि पश्चिम पंजाबकडची कुटुंबं इथे आणि शेजारच्या राजा पार्कात स्थिरावली. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैनांचं मंदिरही इथलंच. सरहद्द हा विषय इथल्या घरांत इतिहासाच्या पुस्तकातून आलेला नाही. त्यात २००५ पासून लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचं मुख्यालय जयपुरात आहे. घोड्यांवरची म्हणून देशात उरलेली ६१ कॅव्हलरी ही रेजिमेंटही इथलीच, १९५३ साली उभी राहिलेली. म्हणजे गल्लीत एक निवृत्त कर्नल, कोपऱ्यावर एक सुभेदार मेजर आणि बागेतल्या बाकावर एक वायुदलवाला, अशी ग्राहकांची तैनाती आपोआप झालेली. तिघांनाही एकच लढाई हवी असते: लोंगेवाला. आणि तिघांना ती तीन वेगवेगळ्या प्रकारे आठवते, त्यातल्या दोघांची पोस्टिंग त्या वेळी आसामात असली तरी.

समजा, कर्नलसाहेबांनी ऑर्डर दिली. दिवाणखान्यातल्या शोकेसचं माप तीन फूट. कारागीर मनातल्या मनात पस्तीसने गुणतो आणि खचतो. तीन फुटांत जमीन बसते बत्तीस मीटर. डिसेंबर १९७१ च्या ४ तारखेच्या रात्री आणि ५ च्या सकाळी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाबच्या कंपनीने, म्हणजे सुमारे १२० जणांनी, पाकिस्तानी रणगाड्यांची अख्खी रेजिमेंट थोपवून धरली. ती सगळी धुमश्चक्री आता अडीच बॅडमिंटन कोर्टांत बसवायची आहे. खऱ्या वाळवंटातला एक किलोमीटर शोकेसमध्ये उतरवायचा म्हटलं तर साडेअठ्ठावीस मीटर लागतात. तेवढी जागा मिळवायला कर्नलसाहेबांना शेजारच्या चार घरांच्या भिंती पाडाव्या लागतील.

“टँक कितने डालोगे?” साहेब विचारतात.

“दोन मावतील, साहेब.”

“दो? लोक म्हणतील दोन टँक आले होते!”

तडजोड अशी होते, की पुढे दोन टी-५९ पूर्ण मापाचे आणि मागे क्षितिजावर १/७२ चे चार, म्हणजे ते लांब आहेत असं वाटेल. हे डोळ्यांना फसवण्याचं जुनं तंत्र आहे आणि चांगलं चालतं. पाहुणा बाजूने वाकून बघत नाही तोवर. पाहुणे नेमके बाजूनेच वाकतात, कारण समोर साहेब उभे राहून लढाई समजावत असतात.

मग प्रश्न वेळेचा. लोंगेवाल्याचा हल्ला मध्यरात्रीनंतर सुरू झाला. जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. ती उजाडल्यावर आली आणि मग रणगाड्यांची शिकार झाली. कर्नलसाहेबांना रात्रीची खंदकातली झुंज हवी. बागेतल्या बाकावरच्या वायुदलवाल्यांना हंटर हवंच, कारण त्यांच्या मते पायदळाने त्या रात्री फक्त वाट पाहिली. (यावर त्या बाकावर अनेक हिवाळे गेले आहेत.) कारागिराने नियमाने सांगितलं, की डायोरामात एकच क्षण दाखवतात. साहेब म्हणाले, “ठीक है, एकच क्षण दाखव. पण त्यात दोन्ही पाहिजे.” शेवटी वेळ ठरते पहाटेची. भारतीय लष्कराच्या इतिहासात दिवसाची इतकी वादग्रस्त वेळ दुसरी नसेल.

सगळ्यांत गंमत काटेरी तारेची. लोंगेवाला चौकीभोवती काटेरी तारेचं साधं कुंपण होतं. पाकिस्तानी पायदळाला ते लागलं आणि पुढे सुरुंग पेरलेले असणार अशी शंका आली. शोधाशोधीत मोलाचा वेळ गेला. सुरुंगांचं मोठं क्षेत्र तिथे नव्हतंच. म्हणजे त्या रात्री ज्या गोष्टीने सर्वांत स्वस्तात सर्वांत मोठं काम केलं, ती ही तार. कारागीर तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत पिळून, त्यांवर काटे काढून, गंजाचा रंग देऊन वीतभर कुंपण करतो. त्यात त्याचे तीन रविवार आणि बोटांची टोकं जातात. साहेब बघतात आणि म्हणतात, “ये तार हटाओ यार. टँक दिसत नाही.”

पाकिस्तानी चिलखती दलाला जे जमलं नाही, ते शोकेसने केलं.

वाळू हा वेगळा अध्याय. साहेबांनी भावनेच्या भरात थेट लोंगेवाल्याहून बाटली भरून वाळू आणलेली असते. ‘असली मिट्टी’ घालायची, असा आग्रह. आता थरची वाळू कितीही मऊसूत असली तरी एक कण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो. १/३५ च्या जगात तो सात मिलिमीटरचा होतो. पाच सेंटिमीटरचा जवान त्या वाळूत उभा केला, की तो वाटाण्यांच्या पोत्यावर उभा आहे असं दिसतं. असली मिट्टी नकली दिसते आणि प्लॅस्टर, पुट्टी, टाल्कम पावडर आणि रंगाची पूड यांच्या मिश्रणातून केलेली मिट्टी असली दिसते, हे गिऱ्हाइकाला समजावणं हा या धंद्यातला अर्धा खर्च आहे. असली वाळू शेवटी पाटाच्या खालच्या बाजूला, छोट्या डबीत सीलबंद बसते. साहेबांचं समाधान होतं. आणि वाळवंट वाळवंटासारखं दिसतं.

मळवण्याचाही घोळ असतो. मॉडेलकाराची खरी कला रणगाडा बनवण्यात नाही, तो घाण करण्यात आहे. आधी गंजाचा थर, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर रणगाड्याचा हिरवा रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो आणि गंज डोकावतो. तैलरंग पातळ करून खाचाखोचांत सोडायचा, स्पंजने ओरखडे उमटवायचे, साखळीपट्ट्यांत धूळ भरायची. आठवडा जातो. आणि ग्राहक कोण? ज्याने आयुष्याची तीस वर्षं जवानांकडून गाड्या चकचकीत करून घेतल्या तो माणूस. त्याला हा गंज म्हणजे शिस्तभंग वाटतो. “इन्स्पेक्शनला ही जीप अशी आली असती, तर मी ड्रायव्हरला सोडलं नसतं.” अखेर तह होतो: पाकिस्तानी रणगाडे हवे तेवढे मळवा, पण जीप, जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ आणि जवानांचे बूट स्वच्छ पाहिजेत. त्यामुळे शोकेसमध्ये रात्रभर वाळवंटात लढलेली कंपनी परेडला निघाल्यासारखी दिसते. नंबरप्लेटवरचा बाण मात्र साहेब भिंगातून तपासतात. तो वर टोक केलेला हवा. या एका बाबतीत त्यांच्याशी वाद घालू नये. ते बरोबर असतात.

तेवढ्यात नातू येतो. त्याने जे. पी. दत्तांचा १९९७ चा ‘बॉर्डर’ पाहिलेला असतो आणि मेजरसाहेबांचा चेहरा सनी देओलसारखा हवा असतो. १/३५ मध्ये डोकं साधारण साडेसहा मिलिमीटरचं. त्यावर पगडी, दाढी, मिशी आणि संताप, एवढं उमटवायचं. जयपूरच्या लघुचित्रकारांनी खारीच्या केसांच्या कुंचल्याने याहून अवघड कामं केली आहेत, पण त्यांना सनी देओल काढायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सनीचा तो सुप्रसिद्ध अडीच किलोचा हात? मापाने लांबी पस्तीसपट घटते, वजन मात्र पस्तीसच्या घनाने. हिशोब केला तर तो हात साठ मिलिग्रॅमही भरत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की हे भारतीय गिऱ्हाईक आहे म्हणून असं. मुळीच नाही. या धंद्याचा मूळपुरुष म्हणावा असा विल्यम सायबोर्न नावाचा एक इंग्रज अधिकारी होता आणि त्याची कहाणी ऐकली, तर आदर्श नगरचे कर्नलसाहेब देवमाणूस वाटतील.

सायबोर्नला १८३० साली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायची सरकारी ऑर्डर मिळाली. माणूस सरळमार्गी. तो थेट बेल्जियमला गेला, ल हे सेंट या रणभूमीवरच्या वाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून बसला आणि बांधबंदिस्तीपासून चढउतारापर्यंत सगळं मोजून काढलं. एवढ्यावर थांबला असता तर सुखी झाला असता. पण त्याला अचूकपणाचा रोग होता. त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी सात वाजता तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कोणत्या रचनेत होता, आणि तुमच्या पुढच्या शेतात कोणतं पीक होतं? आता तोफगोळे अंगावरून जात असताना समोर राय होती की गहू, हे कोण बघतं? पण उत्तरं आली, सातशेच्या आसपास. प्रत्येकाला स्वतःची तुकडी आघाडीवर आठवत होती आणि शेजारची बऱ्यापैकी मागे.

दरम्यान सरकार बदललं आणि नव्या सरकारने पैसे थांबवले. ‘काम चालू ठेवा, पाहू’ हे वाक्य त्या काळीही असावं. सायबोर्नने वर्गण्या जमवल्या, कर्ज काढलं आणि काम रेटलं. खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शन उघडलं: चारशे चौरस फुटांचं रणांगण, त्यावर पंचाहत्तर हजारांच्या आसपास चिमुकले धातूचे सैनिक. एक शिलिंग तिकीट देऊन सुमारे लाखभर लोकांनी ते पाहिलं. सायबोर्नच्या हाती मात्र काही पडलं नाही.

पण खरा दणका पैशाचा नव्हता. वॉटर्लू जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला मॉडेल पसंत पडलं नाही. मदतीला आलेलं प्रशियन सैन्य फार दिसतं, ही मुख्य तक्रार. ज्या सात वाजता सायबोर्नने घड्याळ थांबवलं होतं, त्या वेळी ब्ल्यूशरचे प्रशियन रणांगणात चांगलेच आत शिरलेले होते, हे त्याच्याजवळच्या पत्रांतूनच निघत होतं. पण विजयाचा मालक जिवंत होता, वजनदार होता आणि त्याला विजय वाटून घ्यायचा नव्हता. सायबोर्नने आधी बाणेदारपणा दाखवला, मग हळूहळू नमला, आणि मॉडेलवरून प्रशियनांच्या तुकड्या उचलल्या गेल्या. म्हणजे नेपोलियनला जे दिवसभर जमलं नाही ते एका नाराज ग्राहकाने केलं: प्रशियनांना रणांगणावरून हटवलं. सायबोर्न १८४९ साली वारला. ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

या धंद्यात सुखी झाले ते वेगळ्या वाटेचे. शिकागोचा शेपर्ड पेन हा त्यांतला एक. १९७० च्या दशकात मोनोग्राम या अमेरिकन कंपनीने त्याच्याकडून डायोरामे करून घेतले आणि त्यांच्या छायाचित्रांची पत्रकं रणगाड्यांच्या खोक्यांत घातली. ग्राहक खुद्द कंपनी, म्हणजे काटेरी तार काढायला सांगणारं कुणी नाही. त्याने १९८० साली डायोरामा कसा करावा यावर पुस्तक लिहिलं आणि ते या मंडळींची गीता होऊन बसलं. दुसरे सुखी जपानचे तामिया. त्यांची कंपनी मुळात लाकडाची. १९६१ मध्ये त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत दोन सेल मावले पाहिजेत, म्हणून त्याचं आकारमान ठरलं. मागाहून मोजलं तर ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. जगभरचे लोक आज ज्या मापावरून एकमेकांची अक्कल काढतात, ते माप असं दोन सेलांनी ठरवलेलं आहे. शुन्साकु तामियांनी पुढे एका मोटारीचं मॉडेल नीट व्हावं म्हणून खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली. हा खर्च ‘साहित्य’ या सदरात दाखवण्याची सोय आदर्श नगरात अजून झालेली नाही.

आपल्याकडे साहित्य येतं ते बव्हंशी स्वयंपाकघरातून. वापरून वाळवलेली चहापत्ती म्हणजे जंगलातला पालापाचोळा. अंड्याची टरफलं म्हणजे पडक्या भिंतीचा गिलावा. कापूस पिंजून, आत पिवळा-तांबडा एलईडी घातला की जळत्या रणगाड्याचा धूर. मॉडेलच्या साच्याची उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसाएवढी बारीक होते, ती अँटेना. भारतीय जवानांचे तयार संच बाजारात दुर्मीळ, म्हणून ब्रिटिश शिपाई आणायचा, हेल्मेट कापायचं आणि एम-सीलची पगडी बांधायची. गळक्या नळासाठी निघालेल्या या वस्तूने शिखांच्या किती पलटणी उभ्या केल्या असतील, हे तिच्या कंपनीलाही ठाऊक नसावं. घरातल्या माणसांची मात्र पंचाईत. चहाची गाळणी धुतलेली का नाही, देवघरातली मेणबत्ती कुठे गेली आणि हेअरस्प्रेचा डबा टकल्या माणसाच्या टेबलावर काय करतोय, या प्रश्नांना या घरात एकच उत्तर असतं: “ऑर्डर आहे.”

मराठी माणसाला या सगळ्यात नवखं वाटण्यासारखं खरं तर काही नाही. दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला केला, अळीव पेरून हिरवळ उगवली, बुरुजांवर मावळे उभे केले, की तो लष्करी डायोरामाच. फक्त मापाची शिस्त नसते. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच, दरवाज्यावरचा पहारेकरी त्यांच्या गुडघ्याएवढा, गुहेतला वाघ हत्तीएवढा आणि पायथ्याशी ट्रॅफिक पोलीस. कुणाची तक्रार नसते. महाराज मोठेच असायला हवेत, हे गणित लहान मुलांना कुणी शिकवावं लागत नाही, आणि प्राचीन इजिप्तचे कलाकारही राजाला असाच सर्वांहून थोराड काढत.

ऑर्डरीचा धंदाही आपल्याकडे भरात आहे, फक्त तो काचेच्या पेटीत नसून मांडवात असतो. पुण्याच्या गणपती मंडळांचे देखावे म्हणजे मागणीनुसार बनवलेली इतिहासाची दृश्यंच. लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं १६६३ साली एकदाच तुटली. हलत्या देखाव्यात ती दर दहा मिनिटांनी तुटतात, मोटर गरम झाली तर अर्ध्या तासाने. १९९९ च्या गणेशोत्सवात कारगिल होतं, २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर. मंडळाच्या कार्यकर्त्यांचं आणि कर्नलसाहेबांचं मन एकाच साच्यातलं असतं. सिंहगडाचा देखावा हवा तर घोरपड हवीच. ती ऐतिहासिक आहे की पोवाड्यातली, यावर कारागिराने बोलू नये. दीड मीटरची घोरपड १/३५ मध्ये सव्वाचार सेंटिमीटरची होते, ती गुपचूप कड्याला चिकटवावी. प्रतापगड, पावनखिंड, लाल महाल यांना बारमाही मागणी. पानिपत दिवाणखान्यात ठेवायला कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. इतिहास पस्तीसपट लहान करता येतो. अभिमानाचं माप मात्र एकास एकच राहतं, आणि कारागिराची सगळी कसरत या दोन मापांच्या फटीत चालते.

वाद पेटला तर निवाड्याला जाण्याची एक जागा महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगरचं, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय १९९४ साली उघडलं. तिथे व्हॅलेंटाइन, माटिल्डा, शर्मन, सेंचुरियन आणि हाती लागलेले पॅटन असे चाळीसहून अधिक रणगाडे उघड्यावर उभे आहेत. सामान्य माणूस तिथे रणगाड्यासमोर उभं राहून फोटो काढतो. मॉडेलकार रणगाड्याखाली वाकून फोटो काढतो. त्याला पाहिजे असतो वंगणाचा ओघळ कुठून कुठे गेलाय, वेल्डिंगची शिवण किती जाड आहे, मागच्या चाकावर नट किती. सुरक्षारक्षकाला हा प्रकार संशयास्पद वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. पण तिथेही एक मेख आहे. संग्रहालयातले रणगाडे वर्षानुवर्षं नव्याने रंगवलेले असतात, त्यामुळे ‘मूळ रंग कोणता’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी पुन्हा कर्नलसाहेबांच्या आठवणीपाशी येतं. आणि त्यांना तो हिरवा आठवतो. कोणता हिरवा? “अरे, हिरवा म्हणजे हिरवा. ऑलिव्ह ग्रीन. लष्करात दुसरा कोणता असतो?” रंगाच्या दुकानात त्याच्या अर्धा डझन छटा मिळतात.

शेवटी पैशाची गोष्ट निघतेच. साहेबांनी इंटरनेटवर रणगाड्याच्या खोक्याची किंमत पाहिलेली असते. “दोन खोकी, एक जीप, थोडी मिट्टी. बाकी तर हाताचंच काम आहे ना?” हाताचंच काम आहे, हे खरं. वेळेचे पैसे लावले तर आकडा ऐकून साहेब पुन्हा एकदा खंदकात जातील, म्हणून कारागीर वेळ धरतच नाही. रंग, सीमाशुल्क आणि काचवाल्याचं बिल, एवढंच तो मागतो. काचवाला मात्र रोख, आगाऊ आणि घासाघीस न करता घेतो. त्या पेटीत काय ठेवणार, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. या व्यवहारात समाधानी असलेला तो एकटाच.

पोचवणी ही स्वतंत्र मोहीम. जयपूरहून पुण्याला डायोरामा पाठवायचा, तर पेटीत पेटी, तिच्यात थर्मोकोल, बाहेर ‘नाजूक’ म्हणून तीन भाषांत लेबलं. पोचल्यावर उघडलं की हंटर खाली आलेलं असतं आणि नेमकं आपल्याच खंदकावर. फोन येतो. ते परत चिकटवायचं कसं, याच्या सूचना व्हिडिओ कॉलवर दिल्या जातात, आणि पलीकडून आत्या फेविक्विक घेऊन ‘पंख कुठला, शेपूट कुठली?’ विचारत असते. पुढे सहा महिन्यांनी घरातली मदतनीस प्रेमाने काच काढून आतून फडका मारते. रणगाड्याच्या अँटेना आणि दोन जवानांच्या रायफली तेव्हा जातात. कुठल्याही शत्रूपेक्षा फडक्याने जास्त मॉडेलं निकामी केली आहेत.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या मनात वडिलांच्या, आजोबांच्या किंवा महाराजांच्या लढाईची अशी ऑर्डर द्यायचं असेल, तर कारागिराच्या वतीने काही व्यावहारिक विनंत्या. लढाई एक निवडा आणि तिचा क्षणही एकच निवडा. वाळू आणू नका. फोटो आणा, शक्यतो ज्यात गाडीचा नंबर दिसतोय असे. तार राहू द्या. अर्धे पैसे आधी द्या. आणि शोकेसचं माप पाठवताना आतली लांबी-रुंदी तर द्याच, पण तिच्या दाराचं मापही न चुकता द्या. पेटी दारातून आत गेली नाही, तर रणांगण कापता येत नाही. कपाटच कापावं लागतं.